मशीनचा फोन

१ फेब्रुवारी, शनिवार

कामाच्या नोंदवहीत आज एकच ओळ लिहिली: ‘नवा सर्व्हर सुरू, जुना नेटवर्कमधून बाहेर.’ ती वही साहेब वाचतात, त्यामुळे तिच्यात स्वतःची पाठ थोपटून घेता येत नाही. म्हणून आजपासून ही दुसरी वही. ही माझ्या कपाटात, कपड्यांखाली राहील.

तर पाठ थोपटते. आमच्या लस-भांडारात चार थंड खोल्या आहेत. प्रत्येकीचं तापमान दोन अंशांच्या खाली जायचं नाही आणि आठच्या वर चढायचं नाही. प्रत्येक खोलीतली एक डबी दर मिनिटाला एका ठरलेल्या पत्त्यावर आकडा पाठवते. अकरा वर्षं त्या पत्त्यावर बाबांचं लिनक्सचं मशीन बसलं होतं. बाबांचं म्हणजे बाबांनी जोडलेलं. ते निवृत्त झाले, मधे दोघं आले नि गेले, मग मी आले. आजपासून त्याच पत्त्यावर माझं मशीन. डब्यांना काही कळलंसुद्धा नाही.

जुनं फेकता येत नाही, तपासणीला सात वर्षांच्या नोंदी लागतात. म्हणून ते कोपऱ्यात चालू ठेवलंय, फक्त त्याचं नेटवर्क कार्ड एका कमांडने बंद केलं. त्याला आता डब्यांचं काही ऐकू येत नाही. त्याची बॅटरीही काढून नव्याला जोडली.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी घास थांबवून विचारलं, “केबल काढलीस?”

“त्या जाळ्यात कोण हात घालणार? एक ओढली की चार निघतात. कार्डच बंद केलं.”

“पक्कं बंद केलंस ना?”

“बाबा, मी सेहेचाळीस वर्षांची आहे.”

त्यांनी मान डोलावली आणि पुढचा घास घेतला. वयाचा दाखला दिला की ते गप्प बसतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवारी अकरा वाजता वायरमन जनरेटरची चाचणी घेतो. अर्धा मिनिट सगळी इमारत मरते आणि पुन्हा जिवंत होते. माझं मशीन बॅटरीवर असल्यामुळे त्याची पापणीही लवली नाही.

साडेअकराला बाबांचा फोन. “तीन नंबरची खोली तापतेय का गं?”

मी पडद्यावरची तापमानाची रेघ बघितली. चार पूर्णांक एक. तसं सांगितलं.

“मला मशीनचा फोन आला होता,” ते म्हणाले.

मला हसू आलं. संध्याकाळी घरी त्यांनी आपला बटणांचा फोन पुढे केला. एकाच अनोळखी नंबरवरून लागोपाठ तीन मिस्ड कॉल. मी त्या नंबरवर फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. जाहिरातवाले असणार.

“जाहिरात कसली? मी त्या मशीनच्या मागे एक जुना मोबाइल बांधून ठेवलाय,” बाबा म्हणाले. “खोलीचा जो नंबर, तेवढे फोन येतात. उचलायचे नाहीत, मोजायचे. तुम्हाला मेसेज जायचे ते वेगळे. हे माझं माझं होतं.”

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली आणि हा गृहस्थ अजून कामावर आहे! “असेल मोबाइल,” मी म्हटलं. “पण ज्या मशीनला तापमानच कळत नाही ते तुम्हाला सांगणार काय, कपाळ?”

बाबांनी फोन हातात घेऊन ते तीन कॉल पुन्हा मोजले. मग म्हणाले, “तेही खरंच.”

८ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर चारही रेघा आखून काढल्यासारख्या. साहेब खूश. मधेच एखादा आकडा आला नाही तर प्रोग्राम मागचाच आकडा पुन्हा लिहितो, म्हणजे रेघ तुटत नाही. ही युक्ती माझी. जुन्या मशीनच्या रेघा म्हणजे कोंबडीने पाय उमटवावेत तशा असायच्या, साहेबांना त्या बघवत नसत.

खोल्या सांभाळणारी ताई मात्र खूश नाही. मी तिला मनातल्या मनात थर्मामीटरबाई म्हणते. रोज दोनदा आत जाऊन भिंतीवरचा आकडा हाताने रजिस्टरमध्ये लिहिते. “तुमची रेघ फारच सरळ आहे,” म्हणाली. आता सरळपणाही दोष ठरला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब दोन पाहुण्यांना भांडार दाखवत होते. बाराच्या जरा आधी फाटकाशी गडबड ऐकू आली. बाबा! पायात घरातल्या सपाता, शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली, धाप लागलेली. फाटकावरच्या मामांना सांगत होते, “तीन नंबर. कोणी फोन का उचलत नाही? चला, चला आत.”

साहेब भले माणूस. “काका, या, बसा, पाणी घ्या,” म्हणाले. मी पुढे होऊन बाबांचा दंड धरला. नको इतका घट्ट धरला. “बाबा, तीन नंबर ठीक आहे. मी आत्ता बघून आले.” खरं तर मी बघून आले नव्हते, पडद्यावर बघितलं होतं, पण एकच.

त्यांचं समाधान व्हावं म्हणून वायरमन खोलीकडे जाऊन आला. नंतर मी त्याला विचारलं तर म्हणाला, “थंडाव्याची मोटर बंद होती मॅडम, बटण दाबलं. पण मोटर काय, मधेमधे थांबतेच. हल्ली वीज गेली की ती एक जरा आळस करते.” मामा म्हणाले, गेल्या मंगळवारीही बाबांचा फोन आला होता आणि तेव्हाही वायरमनने बटण दाबलं होतं. म्हणजे सगळे मिळून त्यांचे लाड करताहेत आणि मला सांगत नाहीत.

घरी आल्यावर मी बोलू नये ते बोलले. “तुम्हाला तिथे कोणी बोलावलेलं नाही. तुमचं काम संपलं.” बाबांनी शर्टाची बटणं काढून परत नीट लावली. घरातच होते, कुठे जायचं नव्हतं, तरी लावली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादाशी तासभर फोन. तो दूर राहतो, त्यामुळे त्याची काळजी मोठी असते आणि सल्लेही. पण आज चुकीचं काही बोलला नाही.

“ठमे, आईच्या वेळी आपण उशीर केला. थकवा आहे, थकवा आहे म्हणत बसलो. आता तेच नको.”

“विसरतात थोडं,” मी म्हटलं. “परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला.”

“ते मीही करतो. मशीन फोन करतं म्हणणं वेगळं.”

डॉक्टरांची वेळ घेते म्हटलं. कारण तोंडाने म्हटलं की ते खरोखरच वेगळं वाटतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा. या वेळी मी तयारीत होते. साडेअकराला फाटकाशीच उभी राहिले, बाबा कोपऱ्यावरून येताना दिसले तसं जाऊन त्यांना अडवलं. शर्ट आज नीट होता, भांग पाडलेला. बहुधा वेडे दिसू नये म्हणून.

“ठमे, आठाच्या वर गेलंय. माझ्यासाठी नको, पण एकदा दार उघडून बघ.”

“मी बघितलं, बाबा.” मी त्यांना गाडीत बसवून घरी पाठवलं. ते मागच्या काचेतून बघत होते.

वर आले तर थर्मामीटरबाई दारात. तिच्या भिंतीवर साडेनऊ, माझ्या पडद्यावर चार पूर्णांक एक. मोटर थांबली होती, आपण बटण दाबलं, म्हणे. मी म्हटलं, ताई, माझ्याकडे मिनिटामिनिटाची नोंद आहे, तुमच्याकडे भिंतीवरची एक काचेची नळी आहे. ती रजिस्टर उचलून गेली. साहेबांना मी लेखी कळवलं: भिंतीवरचा थर्मामीटर बदलावा.

एक गोष्ट आज लक्षात आली. बाबांचं मंगळवारी वाढतं. इतर दिवशी कोडी सोडवतात, दळण आणतात, माझ्याशी वाद घालतात. मंगळवार आला की हे. डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. शांत माणूस, घाई नव्हती. बाबांना तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी इतकं सुबक घड्याळ काढलं की डॉक्टर हसले. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, त्यातले तीन आठवले. चौथा म्हणून “केबल” म्हणाले. तो यादीत नव्हता.

मग बाबांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. मंगळवारचंही. त्यांनी ते लिहून घेतलं.

“हे मशीन फोन करतं म्हणतात, त्यात काही तथ्य असू शकतं का? तुम्ही त्याच क्षेत्रातल्या आहात म्हणून विचारतो.”

मी म्हटलं, “शक्यच नाही. ते मशीन मी स्वतःच्या हाताने नेटवर्कमधून काढलंय.”

एक गोळी सकाळी, एक झोपताना. भासांसाठी. शक्यतो फोन जवळ देऊ नका, म्हणाले, त्यानेच ते अस्वस्थ होतात. गाडीत बसल्यावर मी हात पुढे केला. बाबांनी फोन खिशातून काढला, शर्टाला पुसला आणि दिला. वाद घातला असता तर बरं झालं असतं. रडू आलं, पण गाडी चालवायची होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गुण आला! दिवसभर बाबा शांत. फाटकावर कोणी नाही, फोन नाही, काही नाही. वायरमन रजेवर असल्यामुळे जनरेटरची कटकटही नव्हती, सगळं ऑफिस कसं निवांत. दादाला कळवलं. तो म्हणाला, “बघ, आपण वेळेत पकडलं.”

बाबा झोपतात फार. संध्याकाळी कोड्याची वही उघडून बसले होते. तासाभराने बघितलं तर एकही चौकोन भरलेला नाही.

५ मार्च, बुधवार

ऑफिसात युद्ध पेटलंय.

थर्मामीटरबाई काल दिवसभर प्रशिक्षणाला गेली होती. आज सकाळी साडेआठला येऊन तीन नंबर उघडली तर, तिच्या म्हणण्याप्रमाणे, आत चोवीस अंश. मोटर बंद. तिने बटण दाबलं आणि खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. साहेब दहाला आले तोवर आत सात अंश झाले होते. माझी रेघ कालपासून आत्तापर्यंत चार पूर्णांक एक.

“चोवीस असतं तर यंत्राने सांगितलं नसतं का?” साहेब म्हणाले. “मॅडम, तुम्हाला मेसेज आला?”

“नाही आला.”

“मग? शनिवारी इथून तीस केंद्रांना माल जायचाय, लहान मुलांच्या लसी आहेत.”

“म्हणूनच जाणार नाही,” ताई म्हणाली. “लस एकदा तापली की नुसतं पाणी. मुलाला टोचलं काय नि न टोचलं काय. किल्ली मी देणार नाही.”

दुपारी तिच्या हातात नोटीस. कामात अडथळा, चुकीची नोंद. सोबत पुरावा म्हणून माझ्या रेघेचा कागद, खाली माझी सही. तिचा भिंतीवरचा थर्मामीटर मागच्याच आठवड्यात बदललाय, माझ्याच पत्रावरून. नवा कोरा थर्मामीटर चोवीस दाखवेल कसा?

घरी बाबांना यातलं काही सांगितलं नाही. भास होणाऱ्या माणसापुढे तीन नंबरचं नावही नको.

७ मार्च, शुक्रवार

कुठून सुरुवात करू?

ताई पहिल्यापासूनच आकडे जास्त लिहिते हे सिद्ध करायचं म्हणून मी दुपारी जुन्या मशीनकडे गेले. मागच्या वर्षीच्या नोंदी काढून तिच्या रजिस्टरशी ताडून बघणार होते. एक फेब्रुवारीनंतर प्रथमच त्याचा पडदा लावला.

पडद्यावर परवाची रेघ होती. मागच्या वर्षीची नाही, परवाची. कोंबडीच्या पायांसारखी. खोली तीन: मंगळवारी अकराला चार अंश, अकरा पंचविसाला आठ, मग चढत चढत चोवीस, बुधवारी सकाळी आठ चाळीसला खाली. तंतोतंत.

पहिला विचार आला तोही लिहून ठेवते, लाज वाटली तरी. वाटलं, कोणीतरी याला हात लावला. ताईने. मग कमांड देऊन नेटवर्क कार्डाची स्थिती बघितली: चालू. मी बंद केलेलं कार्ड, चालू. मशीन कधीपासून सुरू आहे ते बघितलं: मंगळवार, सकाळी अकरा.

वायरमनची चाचणी. याची बॅटरी मीच काढली होती. दर मंगळवारी अर्धं मिनिट वीज जात होती आणि हे बंद पडून पुन्हा सुरू होत होतं. सुरू होताना मशीन कालपर्यंत काय चालू होतं, काय बंद होतं हे लक्षात ठेवत नाही. ते आपली फाइल वाचतं. फाइलमध्ये कार्डाच्या नावामागे ‘ऑटो’ लिहिलेलं, म्हणजे सुरू होताच आपोआप चालू कर. ती ओळ मी काढलीच नव्हती. मी नुसतं दार लोटलं होतं, कडी घातली नव्हती. ओळीच्या तोंडाशी एक हॅशचं चिन्ह टाकलं असतं, म्हणजे मशीन ती ओळ वगळून पुढे जातं, तरी पुरलं असतं. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात हे.

मग हे उठायचं, आपला जुना पत्ता पुन्हा धरायचं, आणि डब्या बिचाऱ्या आकडे याच्याकडे पाठवायच्या. माझ्या मशीनकडे काही येत नव्हतं. ते मागचाच आकडा गिरवत बसलं होतं. चार पूर्णांक एक, चार पूर्णांक एक. ती युक्ती माझी.

खाली फोनची नोंद होती, ती उतरवून घेतली. घरून ही वही मागवता येईना म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले आणि तारखा लावल्या. चार फेब्रुवारी, खोली तीन, तीन फोन. अकरा फेब्रुवारी, तीन फोन. अठरा, तीन फोन. पंचवीसला काहीच नाही, वायरमन रजेवर. आणि मी गुण आला म्हणून लिहिलंय, उद्गारचिन्हासकट.

चार मार्चपुढे मात्र ओळीच ओळी. दर अर्ध्या तासाने तीन फोन, मंगळवारी अकरा पंचविसापासून बुधवार सकाळपर्यंत. त्रेचाळीस वेळा. बाबांचा फोन या कपाटात होता, बंद.

ते आतल्या खोलीत झोपले होते, दुपारी चार वाजता, तोंड उघडं टाकून. मी दारात उभी राहिले. उठवून सांगायचं धैर्य झालं नाही.

८ मार्च, शनिवार

काल संध्याकाळीच परत ऑफिसला जाऊन जुन्या मशीनची केबल उपटली. एक ओढली तर एकच निघाली. मग साहेबांसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांना फाइल, ऑटो, पत्ता काही कळलं नाही, शेवटी म्हटलं, “साहेब, माझी रेघ खोटी आहे. ताईंचा आकडा खरा आहे. आजचा माल जाता कामा नये.” ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तीन नंबरमधला सगळा साठा नष्ट करायचाय. ताईची नोटीस मागे, माझी तयार. चौकशी होईल. होऊ दे.

ताईची माफी मागितली. ती रजिस्टर लिहीत होती. लिहिणं पुरं करून म्हणाली, “मला नोटीस मिळाली त्याचं मला काही नाही. पण त्या पेट्या घेऊन गाडी गेली असती ना, तर तुम्ही कुठे कुठे माफी मागत फिरला असतात?” मग तिनेच विचारलं, “आणि काका कसे आहेत? ते बरोबर सांगत होते की.”

डॉक्टरांना फोन केला. गोळ्या एकदम नाही, हळूहळू बंद करायच्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवायला हवा होता.

९ मार्च, रविवार

बाबांना सांगितलं. न्याहारी झाल्यावर समोर बसले, त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुम्ही बरोबर होता. दर वेळी. मशीन फोन करत होतं. मी चुकले.

मला वाटलं होतं चिडतील. हसतील. निदान “बघ, केबल काढ म्हणालो होतो” म्हणतील. मी त्या एका टोमण्यासाठी आसुसले होते.

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला. “राहू दे गं. तू माझ्यासाठी म्हणतेस ते कळतं मला. पण मला भास होतात. दादानेही सांगितलंय.”

“नाही होत, बाबा! नोंद आहे. मी दाखवते.”

“मलाही अगदी खराच वाटायचा तो फोन,” ते म्हणाले, माझी समजूत घालत. “तसंच असतं त्याचं.”

फोन त्यांनी परत माझ्याकडे सरकवला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. दादाला कळवलं, तोही रडला, दोन हजार कोसांवरून. त्याने काय होणार?

१० मार्च, सोमवार

साहेबांकडे एक मागणं मागितलं. उद्या अकरा वाजता बाबांना मशीनच्या खोलीत आणू द्या. चौकशीच्या आधी माझं एवढं ऐका. ते म्हणाले, “आणा. फाटकावर सांगून ठेवतो, त्यांना कोणी अडवायचं नाही.”

११ मार्च, मंगळवार

बाबांनी येताना इस्त्रीचा शर्ट घातला. गोळी निम्मी झाल्यापासून चालणं जरा सुधारलंय. फाटकावर मामा उभे राहिले, ताईने खुर्ची आणून दिली. बाबा सगळ्यांना उगाचच “त्रास देतोय तुम्हाला” म्हणत होते.

मी केबल परत लावली आणि कळफलक त्यांच्यापुढे केला. “फाइल तुम्हीच उघडा.”

“मला जमेल का आता?”

“बघा तर.”

नऊ वर्षांनी बोटं ठेवली त्यांनी. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा फाइल उघडली. आपल्याच हाताने कधीकाळी लिहिलेली ओळ बघून थांबले. मग काही न विचारता तिच्या तोंडाशी हॅशचं चिन्ह टाकलं, जतन केलं. मशीनच्या मागे हात घालून त्या चिकटवलेल्या मोबाइलला बोट लावून बघितलं. आहे की नाही, एवढंच.

अकरा वाजले. वायरमनने खालून ओरडून सांगितलं आणि वीज गेली. जुनं मशीन मरून पडलं. अर्ध्या मिनिटाने पंखा घरघरला, पडद्यावर अक्षरं धावू लागली. आम्ही तिघं बघत होतो, मी, बाबा आणि दारात ताई. शेजारी माझ्या मशीनवर चारही खोल्यांचे आकडे येत होते. ती गिरवागिरवी मी कालच काढून टाकलीय, त्यामुळे रेघ आता थोडी कापरी आहे. तीन नंबर वर सरकू लागली तशी ताई धावत बटण दाबायला गेली.

बाबांनी स्थिती विचारण्याची कमांड स्वतः दिली. उत्तर आलं. कार्ड: बंद. आपोआप सुरू झालं नव्हतं.

“झालं, बाबा. वाचा, काय लिहिलंय?”

त्यांनी चष्मा वर सरकवला, खाली केला, पडद्याजवळ वाकले. “डाउन,” म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या मुलाची असते तशी.

“तुला पण तेच दिसतंय ना?”

“हो, बाबा. डाउनच आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग ठीक आहे,” बाबा म्हणाले. “तू म्हणतेस म्हणजे असेल.”